दर्शन घडले हे कोणी जाणले?

भाविकहो, दर्शनबारीत दोन-तीन तास तिष्ठून आपण गाभाऱ्यासमोर येतो. श्रींच्या मुखावर दृष्टी खिळते आणि क्षणभर सारे विसरते. सेवेकऱ्याने ‘पुढे चला’ म्हटले की भान येते. बाहेर आल्यावर आपण सोबत्यास सांगतो, ‘आज मी स्वतःस विसरलो.’ स्वतःचे विस्मरण झाले होते, तर ते कोणास कळले? प्रश्न थट्टेचा वाटेल; परंतु आपल्या दर्शनकारांनी त्यावर शतकानुशतके वाद केला आहे.

नैयायिक म्हणतात, ज्ञान वस्तूचे होते, स्वतःचे नव्हे. ‘ही मूर्ती’ हे पहिले ज्ञान. ‘मी मूर्ती पाहत आहे’ हे मनाने नंतर केलेले दुसरे ज्ञान. त्यास ‘अनुव्यवसाय’ अशी संज्ञा आहे. मग दुसऱ्यास जाणण्यासाठी तिसरे, तिसऱ्यासाठी चौथे लागेल, हा आक्षेप त्यांच्यावर येतो. त्यांचे उत्तर साधे आहे : पहिले ज्ञान स्वतः न जाणले जाताही आपले काम करते. मीमांसकांत तर घरातच फूट. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञानाचे केवळ अनुमान होते. प्रभाकरांच्या मते प्रत्येक ज्ञानात वस्तू, ज्ञाता व ज्ञान ही त्रिपुटी एकदमच प्रकाशते.

बौद्ध आचार्य दिङ्नागांची युक्ती मात्र आपल्या प्रश्नास थेट भिडते. आपणांस मूर्तीच आठवते असे नव्हे, ती पाहिल्याचेही आठवते. जे अनुभविलेच नाही त्याची आठवण कशी होईल? म्हणून पाहणे हे पाहतानाच स्वतःस विदित असले पाहिजे. यास ते ‘स्वसंवेदन’ म्हणतात.

अद्वैती हाच विचार गाढ निद्रेस लावतात. उठल्यावर मनुष्य म्हणतो, ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही.’ नैयायिकांच्या मते ही आठवण नसून अंगाच्या ताजेपणावरून बांधलेला तर्क आहे. हे उत्तर चतुर आहे, पण दर्शनाच्या बाबतीत ते पुरेसे वाटत नाही. गाभाऱ्यातून बाहेर येणारा कोणीही ‘मी पाहिले असावे’ असा तर्क करीत नाही. तथापि शंकराचार्यांस क्षणोक्षणी पालटणारे स्वसंवेदनही मान्य नाही. ज्ञाने येतात व जातात, त्यांस जाणणारा साक्षी स्वयंसिद्ध आहे, असे ते ब्रह्मसूत्रभाष्यात मांडतात.

ज्ञानेश्वर महाराज याच्याही पुढे जातात. अमृतानुभवात ते अज्ञानाचे खंडन करतात आणि अज्ञानाच्या अपेक्षेने असणारे ज्ञानही उरू देत नाहीत. चांगदेवपासष्टीत त्यांनी मुख व आरसा यांचा दृष्टान्त योजिला आहे. आरशात पाहिल्यावर मुख दिसते; परंतु आरसा समोर येण्यापूर्वी ते नव्हते, असे कोण म्हणेल? सेवेकऱ्याचे ‘पुढे चला’ हा आपल्यापुढे धरलेला असाच एक आरसा.