परका घास

एकादशीच्या दिवशी घरोघर जी साबुदाण्याची खिचडी होते, तिच्यातले जिन्नस एकदा निवांतपणे मोजून पाहावेत. साबुदाणा आज ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचाच, आणि फोडणीतली हिरवी मिरचीही तिकडचीच. पाचशे वर्षांपूर्वीच्या एकादशीला यांतले काहीही आपल्या देशात नव्हते. विठ्ठलाच्या नावाने उपास धरावा आणि पानात चार परदेशी पाहुणे वाढून घ्यावेत, यात कुणालाही विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही. आपली जीभ आपल्या मनापेक्षा मोठी आहे, एवढेच यावरून मला दिसते.

वस्तूला आपण फारसे कधी परके मानलेच नाही. आमच्या जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे ते गाव. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला. तिची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती निघाली ती थेट इटलीतल्या पॉम्पीच्या राखेखालून, आणि पॉम्पी गाडले गेले इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या काळ्या मातीतून माल बाहेर जात होता आणि बाहेरचा येत होता. मालाला कुणी त्याची जात विचारली नाही. ती विचारली गेली माणसाला.

हा विचार माझ्या मनात घोळू लागला तो एका कोंबडीच्या निमित्ताने. माझी पुतणी पॅरिसला शिकायला होती. तिच्या खोलीतली सोबतीण मोरोक्कोची. मे महिन्यात पुतणी जालन्याला आली ती त्या मैत्रिणीच्या घरचे जेवण शिकूनच. "काका, रविवारी स्वयंपाक माझा," असे तिने जाहीर केले आणि परातीत रवा घेऊन बसली. रव्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, वर थोडी कणीक भुरभुरायची, आणि तळहाताने गोल गोल फिरवत राहायचे. मग चाळायचे आणि पुन्हा फिरवायचे. हळूहळू रव्याचे मोहरीएवढे दाणे होतात. हाच तो कुसकुस. माझी आई बाजेवरून बघत होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे, गळ्यात तुळशीची माळ. ती म्हणाली, "आगं, ही तर आपल्या गव्हल्याची धाकली बहीण!" आणि उठून परातीशी येऊन बसली. लग्नाच्या रुखवतासाठी जन्मभर गव्हले, नखुले आणि मालत्या वळलेली ती बोटे. मोरोक्कोतल्या एखाद्या म्हातारीने पाहिले असते, तर तिनेही तिला जवळचीच म्हटले असते.

कोंबडीचा मसालाही असाच ओळखीचा निघाला. मोरोक्कोत 'रास अल हानूत' नावाचा मिश्र मसाला असतो. दुकानातला सगळ्यांत वरचा माल, असा त्या नावाचा अर्थ. जिरे, धने, सुंठ, हळद, मिरी, दालचिनी, वेलची, जायफळ असे त्याचे गोत्र. त्यातली मिरी मूळची मलबारची, दालचिनी सिंहलद्वीपाची. मसाला परका कसला, तो तर माहेरी आला होता! खारवलेल्या लिंबाच्या जागी आमच्या बरणीतले उपासाचे खारातले लिंबू चालले. कांद्यात मंद आचेवर शिजणाऱ्या कोंबडीत काबुली चणे आणि जर्दाळू पडले. वर चाळणी ठेवून मधली फट कणकेच्या वातीने बंद केली आणि त्या रश्श्याच्या वाफेवर कुसकुस फुलू लागला. आईच्या वाटणीचा मात्र निराळ्या पातेल्यात, नुसत्या पाण्याच्या वाफेवर.

मग पुतणीने साधाच प्रश्न विचारला. "हे जेवण एका मोठ्या थाळ्याभोवती बसून खायचं असतं. कुणाकुणाला बोलवायचं?"

जुन्या जालन्यात आमचे लहानपण गेले. भिंतीला भिंत लागून मुसलमान शेजारी होते. ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे ताट येई, पण त्यात शिजलेला शीरखुर्मा नसे. शेवया, साखर, खारका, चारोळी असा कोरडा शिधा असे. आमच्या घरी त्यांच्या हातचे चालत नाही हे ते जाणून होते, आणि ते जाणून ताट सजवीत होते. त्या कोरड्या शिध्यात केवढे सौजन्य होते! आणि त्याच शिध्यात केवढी भिंतही होती! शेवया आत येत होत्या. त्या ज्या हातांनी वळल्या, ते हात उंबऱ्याबाहेर थांबत होते.

ही भिंत जुनी आहे. मोरोक्कोतल्या तांजिरहून १३२५ साली निघालेला इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादेत येऊन गेला. जालन्यापासून ते ठिकाण पाऊणशे किलोमीटरांवर. मराठ्यांच्या मुलखातल्या लोकांचे भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचे जेवण आणि जेवणाआधीचे स्नान त्याने टिपून ठेवले. पुढे मलबारात त्याला दिसले की मुसलमान वाटसरू हिंदूंच्या भांड्यात जेवला, तर ते भांडे फोडतात किंवा त्यालाच देऊन टाकतात. म्हणून त्याला केळीच्या पानावर वाढत. त्याच्या देशाची कोंबडी आज आमच्या चुलीवर हौसेने चढली. तो स्वतः त्या काळी दारात उभा राहिला असता तर?

ही काही फक्त हिंदू-मुसलमानांची गोष्ट नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक अशी मंडळी जमली आणि तिथे चहा आला. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे प्रायश्चित्ते झाली. त्या साऱ्या गदारोळात चहा हा परदेशी पाला आहे, असा वांधा नव्हता. विचारणा एवढीच, की तो कुणाच्या घरचा? आणि गावोगावच्या दलित वस्त्यांना तर कोरड्या शिध्याएवढीही ओळख मिळाली नाही. त्यांच्या हातचे पाणीसुद्धा बाटवणारे ठरले.

यावर कुणी म्हणेल, मग काय प्रत्येकाने सगळे काही खावे? मुळीच नाही. माझ्या आईने कोंबडीला हात लावला नाही आणि तिला कुणी आग्रहही केला नाही. तिने आपला कुसकुस ताकात कालवून खाल्ला. पुतणी हसून म्हणाली, "आजी, मोरोक्कोतही असाच ताकातला कुसकुस खातात!" त्या दिवशी शेजारची मंडळी आली होती. शेजारीणबाई आईच्या बाजूलाच बसल्या आणि त्यांनीच आईच्या वाडग्यात दुसऱ्यांदा कुसकुस वाढला. आईने तो घेतला. माळ गळ्यात होती तशीच राहिली.

मला वाटते, नीतीचा सारा प्रश्न इथे दोन वाक्यांत उभा आहे. 'मी हे खाणार नाही' हे व्रत. ते माझ्या ताटापुरते असते आणि त्याची झळ मलाच लागते. 'मी तुझ्या हातचे खाणार नाही' हा निवाडा. तो दुसऱ्याच्या माणूसपणावर दिलेला असतो आणि त्याची झळही त्यालाच लागते. आपण पिढ्यानपिढ्या या निवाड्याला व्रताची सोवळी नेसवत आलो.

पदार्थ एक झाला म्हणजे माणसे एक होतात, अशा भ्रमात मात्र राहू नये. अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून कुसकुसची परंपरा २०२० साली युनेस्कोच्या वारसायादीत नोंदवली. पुढच्याच वर्षी अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. वाडगा एक असून भागत नाही. शेजारी कोण बसतो ते पाहावे लागते.

आता दिवाळी आली. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली फराळाची ताटे घरोघर निघतील. आपण ताट कुणाकडे पाठवतो याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. यंदा दुसरा हिशेब करून पाहावा. कुणाच्या घरून आलेले ताट आपण उघडतो आणि त्यातला पहिला घास तिथेच, देणाऱ्याच्या देखत तोंडात घालतो? देणे सोपे असते, त्यात हात वर राहतो. घेण्यासाठी तोच हात पुढे करावा लागतो.