पाणपोईचा प्रश्न

उत्तरेत पाणपोईला छबील म्हणतात. दिल्लीत २००८ च्या डिसेंबरात भरलेल्या सार्वजनिक कलामहोत्सवात अतुल भल्ला यांनी जेरीकॅनच्या आकाराची छबील उभारली. पाणी फुकट, सोबत प्रश्न मात्र होता : यमुनेला कधी पाहिले आहे काय? स्पर्श केला आहे काय?

हे शिल्प की परोपकार, हा वाद रसिकांनी घालावा. आम्हांस टोचते ते निराळेच. गावची पाणपोई, जात सोडली तर, पिणाऱ्यास काही विचारीत नसे. तहानलेल्यास पाण्याबरोबर लाजही पाजणे न्याय्य आहे काय? हातगाडी ओढणाऱ्याच्या बाबतीत नाही. आमच्या बाबतीत खचित आहे. दिल्लीच्या नळांना बरेचसे पाणी यमुनेचेच येते आणि सांडपाणीही तिलाच जाते. येथील सात वर्षांच्या नोकरीत आम्ही तिला पाहिले ते मेट्रोच्या खिडकीतून, हाती विकतची बाटली धरून.