सातबाऱ्यावरची पाच नावं

यवतेश्वरच्या घाटात पाणी प्यायला थांबलं की सकाळी फिरायला आलेले सातारकर दोन प्रश्न विचारतात. "केवढ्याला पडली सायकल?" आणि आकडा ऐकून झाल्यावर, "पण कशासाठी एवढं?" पहिल्याचं उत्तर मी थोडं कमी करून सांगते. दुसऱ्यातून बहुतेक वेळा तेच माझी सुटका करतात. "तपश्चर्याच म्हणायची, मॅडम." मी कॉलेजात संस्कृत शिकवते हे ठाऊक असल्यामुळे हा शब्द खास माझ्यासाठी काढलेला असतो.

मी हसून पुढे निघते, पण शब्द पटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातलं शारीर तप बघा. देव, गुरू, ज्ञानी यांचं पूजन आहे, शुचिता आहे, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा आहे. मांड्या पेटेपर्यंत चढ चढणं त्यात कुठेच नाही. उलट हट्टाला पेटून स्वतःला पिडणारं तप तिथेच तामस म्हणून बाजूला काढलंय. २००३च्या टूर द फ्रान्समध्ये टायलर हॅमिल्टन पहिल्याच टप्प्यात पडला, कॉलरबोनला तडा गेला, तरी तीन आठवडे सायकल हाणत राहिला, एक टप्पा जिंकला आणि एकूणात चौथा आला. त्याच्या सहनशक्तीचं केवढं कौतुक झालं! पुढे उत्तेजकं घेत असल्याचं त्यानं स्वतःच कबूल केलं. वेदना खरी होती, एवढंच. सोसल्यानं माणूस शुद्ध होतो असं मानणाऱ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगते. मी सायकल चालवते ती आवडते म्हणून. भोग आहे तो. त्याला भगवी कफनी घालायची काही गरज नाही.

माझी अडचण वेगळी आहे. "मी घाट चढले" या वाक्यातला "मी" मला हल्ली नीट लिहिता येत नाही. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांवर भरपूर ओव्या खर्च केल्या आहेत. असं असून जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही, असं गीता पुढे फटकळपणे सांगून टाकते. म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यावर पाच नावं आणि आपण गावभर सांगत सुटलोय की शेत माझं. समर्थांनी प्रयत्नालाच देव म्हटलं, आणि घाटातून समोर सज्जनगड दिसत असताना कर्त्याचा वाटा कमी करणं अंमळ जड जातं. पण हिशेब तर करायला हवा.

करणापासून सुरुवात करू, कारण त्यावर सगळ्यात जास्त पैसा जातो. शंकराचार्यांनी करण म्हणजे इंद्रियं असा अर्थ लावलाय. सायकल ही त्यात माझी भर. रोडबाईक घ्यायला गेलात की दुकानदार शिमानोची उतरंड मांडतो : क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. प्रत्येक पायरीवर काही ग्रॅम कमी होतात आणि किंमत चढते. जागतिक संघटनेच्या नियमानं शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. एरवी माणसं त्याही खाली गेली असती. तृष्णेला वजनकाट्याची मर्यादा घातलेली मी इथेच पाहिली. मी ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क घेतला, जरा उंच हँडलची, लांब पल्ल्याची ठेवण. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढे लहान चकतीला ३४ दात आणि मागे मोठ्या चकतीलाही ३४. पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. शर्यतवाली पोरं या गिअरला हसतात. पन्नाशीच्या बाईनं घाटात हसू द्यावं आणि पायडल मारत राहावं. नजर मात्र टायटॅनियमच्या फ्रेमवर होती, आयुष्यभर गंज न धरणाऱ्या. परवडली नाही.

पाऊस ओसरता ओसरता, घाट उतरताना, एका वळणावर वाहून आलेल्या मुरमावरून पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. कॉलरबोन मधोमध मोडलं, तुकडे एकमेकांवर चढले. हाताला झोळी बांधून भागण्यासारखं नव्हतं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. टायटॅनियमची. फ्रेम नाही तर नाही, धातू आला घरात.

भेटायला येणाऱ्यांचं एकमत होतं : देवानं वाचवलं. "मग मुरूम कोणी आणून टाकला?" मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "तो पावसानं." वाचवणारा देव आणि पाडणारा पाऊस, अशी ही कामाची वाटणी मला मान्य नाही. दैव म्हणायचं तर दोन्हीकडे म्हणा. मला आचार्यांचा अर्थ जास्त पटतो. त्यांच्या भाष्यात दैव म्हणजे नशीब नव्हे, डोळ्याला दिसावं म्हणून मदत करणारे सूर्यादी देव. आपल्या ताब्यात नसलेलं, पण ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही असं बाहेरचं काही. त्या दिवशी ते म्हणजे उजेड, ओला रस्ता आणि मागून येणाऱ्या टेंपोवाल्याचा वेळेवर ब्रेकवर पडलेला पाय. यात मी कुठे होते? जमिनीवर होते.

पुढचे आठवडे मात्र चेष्टा या चौथ्या नावाचे होते. भाष्यात चेष्टा म्हणजे प्राण, अपान वगैरे वायूंचे व्यापार, देहात आपोआप चालणारी कामं. वर्गात मी हे शब्द झरझर पुढे नेत असे, परीक्षेत एका गुणाला येतात म्हणून. आता सर्जन एक्स-रे खिडकीकडे धरून सांगत होते, "प्लेट हाड जोडत नाही. ती तुकडे जागेवर धरते. जोडतं हाडच." एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरत जातात, त्यांच्या मागून दुसऱ्या नवं भरत येतात. मी झोपलेली असताना, चिडलेली असताना, पेपर तपासताना हे काम चालू होतं. मला कोणी विचारलं नाही. सायकलची साखळी झिजली तर मेकॅनिक बदलतो. तिच्या अंगानं ती कधीही भरून येत नाही. करण आणि अधिष्ठान, म्हणजे देह, यांतला फरक मला पाठ होता, पण अंगावर आला तो तेव्हा.

म्हणून मग सगळं देहाच्या हाती सोडून द्यावं, असंही नाही. इथे फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. आधी हात लोंबता सोडून गोल झुलवायचा, नंतर भिंतीवर बोटांनी पायरी पायरी वर चढायचं. बोटं जिथे थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ. बेडरूमच्या भिंतीवर स्विचबोर्डाशेजारी त्या रेघांची शिडी उभी राहिली. काही दिवस नवी रेघ जुनीच्या खाली पडायची. "मॅडम, दुखेल तिथपर्यंत. त्याच्या पुढे नाही, अलीकडेही नाही," ती म्हणायची. १८९२मध्ये यूलियुस वोल्फ या जर्मन सर्जननं मांडलेला नियम असा की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. भारच नाही तर ते कमकुवत होत जातं. (सायकलचा भार हाडांवर फारसा पडत नाही, त्यामुळे सायकलपटूंच्या मणक्यांची घनता कमी आढळते. म्हणून आता आठवड्यात दोनदा वजनंही उचलते. छंदाची बाजू घेताना हे लपवून चालणार नाही.) तेव्हा कर्ता यादीतून गेलेला नाही. त्याचं काम त्या पेन्सिलीच्या रेघेएवढं.

दवाखान्यात भिंतीवर कुमारसंभवातला, शरीर हे धर्माचं पहिलं साधन असं सांगणारा चरण फ्रेम करून लावला होता. व्यायामशाळांतही तो असतोच. हा पाचवा सर्ग मी शिकवते. तिथे बटूच्या वेषात आलेला शंकर तप करणाऱ्या पार्वतीची विचारपूस करतोय : झेपेल एवढंच करतेस ना? परीक्षा घ्यायला आलेल्याचा तो साळसूद प्रश्न आहे. भिंतीवर येता येता त्याचा हुकूम झाला. आणि साधन म्हटलं की ते धरणारी मी वेगळी उरते. हाड जोडलं जात असताना अशी वेगळी उभी राहायला मला जागा सापडली नव्हती.

आता घाट पुन्हा सुरू आहे. टायर ३२ मिलिमीटरचे केलेत, हँडल आणखी थोडं वर घेतलंय, उतारावर शर्यतवाली पोरं सोडा, दूधवालेही मला मागे टाकतात. प्रश्न उरलाय प्लेटचा. पाठपिशवीचा पट्टा तिच्यावर घासतो. सर्जन म्हणतात, हवी तर काढू, पण स्क्रूची भोकं भरेपर्यंत तिथे हाड कच्चं राहील, काही महिने सायकल बंद. ती करण असेल तर काम झालंय, काढून टाकावी. अधिष्ठानात जमा झाली असेल तर तिला हात लावणारी मी कोण? मुलगा म्हणतो, आई, इतका विचार करण्यापेक्षा कमरेची बॅग घे. बॅग घेतली आहे. प्लेटचं पुढच्या तपासणीला बघू.