आकडा वाढला, म्हणून सहल रद्द?

आईच्या पोटात असताना आपल्या सगळ्यांच्या रक्तात एक प्रथिन भरपूर होतं. अल्फा-फीटोप्रोटीन, थोडक्यात एएफपी. गर्भाचं यकृत ते बनवतं. जन्मताना ते एका मिलीलिटरमागे हजारो नॅनोग्रॅम असतं, साधारण वर्षभरात १०च्या आसपास उतरतं. १९६३ साली मॉस्कोत गॅरी आबेलेव्ह आणि सहकाऱ्यांना यकृताचा कॅन्सर असलेल्या उंदरांच्या रक्तात हेच प्रथिन सापडलं. म्हणजे एकच रेणू, बाळाच्या वाढीची खूण आणि गाठीच्या वाढीचीही. वय माहीत नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थच नाही.

माझ्या भाच्याला अडीच वर्षांचा असताना हिपॅटोब्लास्टोमा झाला, लहान मुलांच्या यकृताचा कॅन्सर. केमो, ऑपरेशन, सगळं पार पडलं. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी एएफपी. आता त्याला सहावं लागलंय. मध्यंतरी त्याचा आकडा ६ वरून १४ झाला. डॉक्टर म्हणाले, एका रिपोर्टवरून काही ठरत नाही, यकृताला सूज आली तरी तो वाढतो; दोन आठवड्यांनी पुन्हा बघू.

त्याच दोन आठवड्यांत शाळेची सहल होती. डॉक्टरांची हरकत नव्हती. ताई म्हणाली, जाऊ दे. दाजी म्हणाले, नको. त्यांचा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नव्हता: "मला कळलंय. मग न कळल्यासारखं कसं वागू?"

मला वाटतं, कळण्यातून कर्तव्य येतं, पण जेवढं कळलंय तेवढंच. इथे कळलं होतं ते एवढंच की पुन्हा तपासायचंय. ते वेळेवर करणं आपलं काम. उरलेली भीती आपली. ती मुलाच्या सहलीतून वसूल करायचा हक्क आपल्याला नाही. पोरगं उड्या मारतंय, हेसुद्धा रिपोर्टइतकंच खरं.

पण म्हणून त्याच्याशी खोटंही बोलायचं नाही. "परत सुई का?" त्यानं विचारलं. ताई म्हणाली, "मागच्या वेळचं नीट कळलं नाही, म्हणून." मोठ्यांना खात्रीनं जेवढं माहीत होतं, तेवढं तिनं त्याला सांगितलं.

तो सहलीला गेला. दुसरा रिपोर्ट काय आला, ते मुद्दाम सांगत नाही. चांगला आला तर ताई बरोबर आणि वाईट आला तर दाजी, असा हिशोब आपण लगेच मांडतो. पण ठरवायच्या दिवशी तो रिपोर्ट कुणाकडेच नव्हता.