ऐपत कशाला म्हणावे?

सूरह बकराची 280वी आयत तंगीत सापडलेल्या ऋणकोला सवड द्यावयास सांगते. ही आज्ञा धनकोला आहे. आपण ऋणकोच ती ओढून घेतो. ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम होय, हे प्रेषितांचे (स.) वचन मात्र श्रीमंतांपुरतेच समजतो. दिघ्यातील कारखान्यात राबणाऱ्या माणसाकडे घरभाडे, शाळेची फी, जेवणखाण भागवून दोनशे रुपये उरले, तर तो दोनशेपुरता ऐपतदार नव्हे काय? ते त्याच दिवशी वाण्याच्या वहीत जमा व्हावेत (व्यवहार लिहून ठेवा, असे पुढे 282वी आयत सांगतेच). वाणी मागत नाही, हा त्याचा सब्र आहे. त्याने दिलेली माफी नव्हे.

मग मुलाच्या अकीक्याचे काय? माझ्याही घरी हा प्रश्न निघाला. अकीका थांबला आहे. वही अजून चालू आहे.