मदतीला जावे, पण कसे?



आपल्या धर्मग्रामात आता पदवीधर मुलामुलींची वाण नाही. आयटी कंपन्यांत नोकरी करणारेही पुष्कळ आहेत. अशा काही तरुणांच्या मनात अलीकडे एक चांगला विचार येऊ लागला आहे. रजा साठवायची आणि आफ्रिकेतील एखाद्या गरीब देशात जाऊन तिथल्या मुलांना संगणक शिकवायचा. कुणाला कंपनी पाठवते, कुणाला एखादी स्वयंसेवी संस्था, तर कुणाला मिशनरी संघ. जाण्यापूर्वी कुणी आमच्याकडे शिफारसपत्र मागतो, कुणी प्रवासखर्चासाठी धर्मग्रामाने हातभार लावावा अशी विनंती करतो. म्हणजे ही बाब त्या तरुणापुरती राहत नाही. आपण पत्र देतो आणि आपल्या दानाचे पैसे देतो, तेव्हा त्या कामाची जबाबदारीही आपल्यावर येते. म्हणून या रविवारी हा प्रश्न आपण सर्वांनी मिळून विचारात घेऊ या.

कुणी म्हणेल, ‘यात विचार कसला करायचा? पोरगा चांगल्या कामाला निघाला आहे, आशीर्वाद द्या आणि पाठवा.’ वरवर पाहता हे खरे वाटते. पण या साध्या उत्तरावर सर्वांत कडक हरकत घेणारा माणूस एक कॅथलिक धर्मगुरूच होता. त्यांचे नाव इव्हान इलिच. व्हिएन्नात जन्मलेले इलिच न्यूयॉर्कमध्ये पोर्टो रिकोहून आलेल्या गरीब लोकांत काम करीत होते. पुढे १९६१ साली त्यांनी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे एक केंद्र सुरू केले. लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना आणि स्वयंसेवकांना स्पॅनिश भाषा व तिथल्या लोकांची रीतभात शिकवणे हे त्या केंद्राचे काम. म्हणजे मदतीला जाणाऱ्यांची जातकुळी ते जवळून ओळखत होते. १९६८ साली, उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे त्यांचे भाषण झाले. त्यांनी त्या मुलांचे कौतुक केले नाही. उलट, तुम्ही मदतीला येऊच नका, असे तोंडावर सांगितले. पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. पण मदत करायला येऊ नका, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

त्यांचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. त्या मुलांच्या मनात वाईट काही आहे असे इलिच म्हणत नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की ज्या लोकांत तुम्ही जाणार त्यांची भाषा तुम्हांला येत नाही. त्यामुळे ते लोक तुमच्याविषयी काय बोलतात हे तुम्हांला कळणारही नाही. तुमचे काम निरुपयोगी असले तरी ते तोंडावर सांगण्याची सोय त्या गरिबाला नाही. तो हसून स्वागत करील, आणि आपण मोठे काम केले असे समजून तुम्ही घरी परताल. सेवा करायची तर अशा लोकांची करा, जे तुम्हांला ‘चालते व्हा’ असे सांगू शकतील.

हे ऐकायला कडू आहे. पण सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्विनास यांच्याकडून जे शिकलो, त्याच्याशी ते जुळते. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, असे संत थॉमस अॅरिस्टॉटलचा आधार घेऊन सांगतात. ही व्याख्या छोटी असली तरी तिच्यात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे इच्छा, दुसरी म्हणजे भले. इच्छा आपल्या मनात असते, पण भले हे त्या माणसाचे असते. ते कशात आहे हे त्याला विचारल्यावाचून, त्याच्या घरी बसल्यावाचून कळत नाही. आजाऱ्याविषयी कितीही कळवळा असला तरी रोग न तपासता दिलेले औषध बाधू शकते. म्हणजे चांगला हेतू ही सेवेची सुरुवात झाली. तेवढ्यावर सेवा पूर्ण होत नाही.

तंत्रज्ञानाच्या शिक्षणात हे किती खरे आहे याचे एक मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. २००५ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक निकोलस निग्रोपाँटी यांनी गरीब देशांतील प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याची योजना जाहीर केली. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून ती जगभर गाजली. प्रत्यक्षात एका लॅपटॉपची किंमत दोनशे डॉलरच्या आसपास गेली. आपल्या रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या खेड्यातील शाळेतही २००७ साली त्याचा प्रयोग झाला. सर्वांत जास्त लॅपटॉप घेतले ते दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने, आठ लाखांहून अधिक. पेरूच्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांत पुढे याचा अभ्यास झाला आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या हाती संगणक आले, ती ते वापरूही लागली, विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी प्रगतीही दिसली. पण गणित आणि भाषा या विषयांत त्यांची काही प्रगती झाल्याचे आढळले नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते. हे यंत्र धड्यात कसे आणायचे याची पुरेशी तयारी शिक्षकांना मिळाली नव्हती. पेटी आली, पण ती उघडून दाखवणाऱ्या गुरुजींकडे कुणी नीट पाहिले नाही.

आता याच्या उलट चित्र पाहा. केनियातील नाकुरू परगण्यात प्वानी नावाचे खेडे आहे. तिथल्या केरिको माध्यमिक शाळेत ब्रदर पीटर तबिची हे फ्रान्सिस्कन बंधू गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. वर्गात एका शिक्षकामागे ५८ मुले. शाळेत संगणक फक्त एक, आणि इंटरनेट कधी असे, कधी नसे. ब्रदर सायबर कॅफेत जाऊन धड्यांसाठी लागणारी माहिती उतरवून घेत आणि वर्गात आणून दाखवत. पगाराचा ८० टक्के भाग ते गोरगरिबांसाठी देत. २०१९ साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, २०२० साली, हा पुरस्कार आपल्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे शिक्षक म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण त्याआधी त्यांनी केलेली एक गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. त्यांच्या शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तके त्या भाषेत आणली. आधी भाषा, मग तंत्र.

ही दोन माणसे काही परदेशी स्वयंसेवक नव्हेत. ती त्या त्या देशातलीच. मग कुणी विचारील, बाहेरच्या माणसाचे तिथे कामच नाही काय? इलिच यांचा शब्द शेवटचा मानून आपण सर्वांनी घरी बसावे काय?

आम्हांला तसे वाटत नाही. इलिच यांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले त्यावर उपाय आहे, आणि काहींनी तो केलाही आहे. ब्रिटनमधील व्हीएसओ ही संस्था १९५८ साली निघाली, तेव्हा ती शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुले परदेशी पाठवत असे. कालांतराने तिने आपला मार्ग बदलला. हाती कसब असलेली अनुभवी माणसे पाठवायला तिने सुरुवात केली, आणि पुढे केनिया व फिलिपाइन्ससारख्या देशांतूनही ती स्वयंसेवक घेऊ लागली. अमेरिकेच्या १९६१ सालच्या पीस कोअरमध्ये आधी काही महिने भाषेचे व कामाचे शिक्षण आणि मग दोन वर्षांचा मुक्काम अशी रीत आहे. हे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतातही येत असत. मदत घेणाऱ्याच्या जागी आपणही बसलेलो आहोत, हे आपण विसरता कामा नये. २००० साली घानासाठी सुरू झालेल्या गीककोअर या संस्थेने संगणकतज्ज्ञांना काही महिन्यांसाठी आक्रा शहरातील स्थानिक कंपन्यांत नेऊन बसवले. काम कंपनीचे, माणसे तिथलीच, आणि पाहुण्याने आपले कसब त्यांच्या हाती देऊन परतायचे, असा तो विचार होता.

केनियाच्या वायव्येला काकुमा येथे निर्वासितांचे मोठे शिबिर आहे. २०१० साली येशूसंघीयांनी तिथे इंटरनेटद्वारे उच्च शिक्षण सुरू केले. प्राध्यापक दूर अमेरिकेत राहून आपला वेळ देत, आणि विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून अडचण सोडवणारे सहायक शिबिरातच असत. विमानाने न जाताही सेवा होऊ शकते, हे यावरून दिसते.

आणखी एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने आफ्रिकेतील खेड्यांतून प्रौढ स्त्रियांना, बहुधा आजीबाईंनाच, बोलावून घेतले. या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि शिकवणाऱ्यांशी त्यांची भाषाही जुळत नव्हती. रंग, खुणा आणि हात यांच्या साहाय्याने सहा महिन्यांत त्या सौरदिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. गावी परतल्यावर त्यांनीच घराघरांत दिवे लावले. रॉकेलवर जेवढा खर्च होई त्या प्रमाणात गावकरी दरमहा पैसे देतात आणि त्यातून दुरुस्तीचे सामान व त्या बाईचा मेहनताना निघतो. म्हणजे दिवा बिघडला तर परदेशी पाहुण्याची वाट पाहावी लागत नाही. जो परगावचा माणूस शाळेत वीस संगणक बसवून निघून जातो, त्याने हा प्रश्न स्वतःला जरूर विचारावा. विजेचा दाब वरखाली होतो, धूळ बसते, बॅटरी दीड-दोन वर्षांत दम तोडते. त्या दिवशी स्क्रू काढणारा हात कोणाचा असेल?

आता एक अवघड शंका. स्वयंसेवकाच्या मनात स्वतःचा लाभही असतो. नवा देश पाहायला मिळतो, पुढच्या नोकरीत त्याचा उपयोग होतो, काळ्यासावळ्या मुलांच्या घोळक्यात काढलेला फोटो चार लोकांना दाखवता येतो. मग ही सेवा खोटी म्हणायची काय? तत्त्ववेत्ता कांट सांगतो, की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये, तो स्वतःच साध्य आहे. यातला ‘केवळ’ हा शब्द फार मोलाचा आहे. डॉक्टर फी घेतो म्हणून त्याची सेवा खोटी ठरत नाही. तसेच स्वयंसेवकाला आनंद झाला, अनुभव मिळाला, यात पाप नाही. शिकणाऱ्या मुलीला गणित समजले तर शिकवणाऱ्याचा हेतू किती शुद्ध होता याची ती चौकशी करीत बसत नाही. मात्र आपल्या अनुभवासाठी त्या मुलीचा वर्ग तीन आठवडे थांबवला, तिच्या शिक्षकाला मागच्या बाकावर बसवले आणि तिला न विचारता तिच्या गरिबीचा फोटो काढला, तर तिथे तिचे साधन झाले. आणि जिथे मुख्य लाभ जाणाऱ्याचाच आहे, तिथे त्याला अभ्यासदौरा म्हणावे. अभ्यासदौरा ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त तो गरिबांच्या नावाने गोळा केलेल्या पैशांतून होऊ नये.

पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली राष्ट्रांच्या विकासाविषयी लिहिलेल्या परिपत्रात परदेशी जाणाऱ्या तज्ज्ञांना हीच समज दिली आहे. एका विषयात प्रवीण असल्याने माणूस सर्वच बाबतींत श्रेष्ठ होत नाही. त्याने मालक म्हणून न वागता मदतनीस आणि सहकारी म्हणून वागावे, असा त्यांचा सल्ला आहे. याच परिपत्रात अशा सेवेला जाणाऱ्या तरुणांविषयी त्यांनी आनंदही व्यक्त केला आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत.

तेव्हा आमचे मत असे. आपल्या धर्मग्रामातून कुणी निघाला तर त्याला अडवू नये, पण पत्रावर सही करण्यापूर्वी आपण काही प्रश्न प्रेमाने विचारावेत. तुला तिथल्या कुणी बोलावले आहे का, की तू आपणहून निघालास? तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली काम करण्याची तुझी तयारी आहे का? चार वाक्ये बोलण्यापुरती तरी तिथली भाषा शिकलास का? तू परतल्यावर काम पुढे चालवणारा कोण? तुझ्या तिकिटाच्या पैशांत तिथल्याच एखाद्या शिक्षकाचे प्रशिक्षण झाले असते, हे माहीत असूनही तुझे जाणे आवश्यक का आहे? आणि शेवटचा प्रश्न असा, की जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या आश्रमशाळेत तू कधी चार रविवार गेला आहेस का? दूरचा माणूसही आपला शेजारीच आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्याला जवळच्या शाळेत ऐकून घेण्याची सवय लागली नाही, त्याला दूरच्या शाळेत ती एकाएकी लागेल असे वाटत नाही.

ज्या तरुणाकडे या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे आहेत, त्याला आपण आनंदाने पत्र द्यावे आणि पैसेही द्यावेत. ज्याच्याकडे अजून नाहीत, त्याला हिणवू नये. त्याला वर्षभर थांबायला सांगावे. तेवढ्यात त्याने भाषा शिकावी, तिथल्या शिक्षकाशी पत्रव्यवहार करावा, त्यांना काय हवे ते विचारावे. कदाचित त्यांना संगणकाऐवजी विजेच्या वायरिंगचे काम जाणणारा माणूस हवा असेल, आणि असा माणूस आपल्याच आळीत, पदवीवाचून, मान खाली घालून काम करीत असेल. त्यालाही कुणीतरी जाऊन विचारायला हवे.