आडवं झालेलं झाड

झाड पाडायचं असलं की माणसं आपोआप सावध होतात. दोर बांधले जातात, पोरांना लांब पिटाळलं जातं, ते नेमकं कुठं पडेल यावर दहा जण दहा मतं देतात. झाड एकदा आडवं झालं की मात्र सगळे हुश्श करतात. कोणी तंबाखू मळायला घेतो, कोणी बुंध्यावर टेकतो. आता राहिलं काय, फांद्या उतरवायच्या आणि ओंडके पाडायचे. एवढ्यानंच माणूस गाफील होतो. उभ्या झाडाचा भार कुठं आहे हे कुणालाही दिसतं. पडलेल्या झाडानं तो कुठं कुठं वाटून ठेवलाय हे शोधावं लागतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत आंबे, फणस, नारळ, पोफळी अशा काही झोपल्या की वाड्यांतून चालायला वाट उरली नाही. रस्ते मोकळे करायला साखळीचं कटर मशीन घेऊन माणसं उतरली. वादळानं पाडलेलं झाड हे वेगळंच प्रकरण असतं. मुळांचा मातीसकट गड्डा उपटून उभा राहतो आणि त्याच्यामागं खड्डा पडतो. बुंधा गड्ड्याजवळ कापला की खोडाचं ओझं सुटतं आणि तो गड्डा पुन्हा धपकन खड्ड्यात बसू शकतो, वर राहिलेला खुंट घेऊन सरळ उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात कोणी पोर उतरलंय का, हे मशीनची दोरी ओढण्याआधी बघायचं. आणि त्याही आधी, झाडात विजेची तार अडकलीय का ते. असली, तर महावितरणचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत हात बांधून उभं राहायचं.

नारळ-पोफळीला फांद्याच नाहीत, त्यामुळे तिथला एक पेच तरी कमी. जुना रायवळ आंबा पडला की खरी परीक्षा. तो जमिनीवर पडतच नाही, स्वतःच्या फांद्यांवर रेलतो. खालच्या फांद्या धनुष्यासारख्या वाकून सबंध खोड तोलून धरतात. वाकलेल्या फांदीची एक बाजू दबलेली असते, दुसरी ताणलेली. ताणलेल्या बाजूनं थेट घाव घातला तर फांदी उभी फाटते आणि सुटलेलं टोक कापणाऱ्याच्या अंगावर येतं. दबलेल्या बाजूनं खोलवर गेलं तर पातं चिमटीत धरल्यासारखं अडकतं. म्हणून आधी दबलेल्या बाजूला थोडी खाच, फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आणि मग ताणलेल्या बाजूनं कापून मोकळं करायचं. खोडाखाली दबून कमानीसारखं वाकलेलं एखादं कोवळं झाड असेल, तर तेही एका घावात तोडू नये. कमानीच्या आतल्या बाजूनं थोडं थोडं तासत जावं, म्हणजे त्याचा जोर हळूहळू उतरतो. जाणता माणूस बुंध्याकडून शेंड्याकडे सरकतो. उतारावर वरच्या अंगाला उभा राहतो. मशीन खोडावर टेकवून ठेवतो आणि जमेल तिथं आपले पाय आणि पातं यांच्यामध्ये खोड येईल असं बघतो. ज्या फांद्यांनी भार घेतलाय त्यांना तो शेवटी हात लावतो.

पात्याच्या टोकाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला नुसता लागला, तरी दात तिथं चावा घेतात आणि सगळं मशीन उसळून तोंडाकडे येतं. साखळी सेकंदाला वीसेक मीटर वेगानं फिरत असते. तिथं माणसाची चपळाई कामाला येत नाही. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळवून घ्यायचा तो यासाठीच. या साखळीचे आजचे दात ज्यानं घडवले, तो अमेरिकेतला जोसेफ कॉक्स लाकूडतोड्याच होता. १९४६ मध्ये ओरेगॉनच्या जंगलात लाकूड पोखरणारी अळी तो बघत राहिला. अळी तंतूंच्या उभ्या-आडव्याची फिकीर न करता जबडा डावी-उजवीकडे हलवत लाकूड खात होती. तिचा जबडा त्यानं पोलादात उतरवला. आपल्याकडे मोबाइलवरच्या व्हिडिओंत हेच मशीन चपला घालून, एका हातानं चालवणारे वीर दिसतात, आणि खाली टाळ्यांचा पाऊस. मला ते बघवत नाही.

ओंडके करताना पुन्हा तोच हिशेब, फक्त मोठ्या मापाचा. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल तर वरची बाजू दबलेली, म्हणून आधी वरून खाच आणि शेवट खालून. एक टोक अधांतरी असेल तर नेमकं उलट. खोड जमिनीला सपाट लागलेलं असेल तर वरून बरंचसं कापून ते लोळवावं. साखळी मातीला लागली की दात क्षणात बोथट होतात. जाड खोडात पात्यामागं चिरेत पाचर ठोकली की पातं अडकत नाही.

टाकी संपते तेव्हा मशीन गार होऊ द्यावं, पेट्रोल भरायला चार पावलं लांब जावं. भरून झाल्यावर लगेच दोरी ओढू नये, झाडाभोवती एक फेरी मारावी. प्रत्येक कापानं भार नव्यानं वाटला गेलेला असतो, आणि मघाशी जी फांदी मोकळी लोंबत होती, तीच आता सगळं खोड पेलून उभी असू शकते.